आधी फळा, मग पराक्रम

मी गणित शिकवते. माझ्या विषयात आधी रीत, मग उत्तर. रीत न लिहिता कोणी नुसतं उत्तर लिहिलं, तर त्यानं शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं असं मी सरळ धरून चालते आणि भोपळा देते. अशा माझ्या नशिबी स्टाफरूममध्ये शेजारची खुर्ची आली ती लांजेवार सरांची. या माणसानं अख्खी नोकरी आधी उत्तर लिहून काढली. रीत मागाहून पोरांनी शोधायची. आणि बापा, ती सापडायचीसुद्धा! माझा खरा राग त्या सापडण्यावर होता.

लांजेवार सर चित्रकलेचे. आमची शाळा हुडकेश्वर रोडवर, पाचवी ते दहावी, मराठी माध्यमाची. आजूबाजूला ले-आऊट पडत गेले, वावरं जाऊन घरं आली, आणि घरांच्या मागोमाग पिवळ्या बसवाल्या इंग्रजी शाळा आल्या. त्यांच्या फाटकांवर टक्केवारीचे हे मोठे फ्लेक्स. आमच्या फाटकाशी पत्र्याचा एक काळा फळा. उन्हाळ्यात आम्ही मास्तर-मास्तरणी पोरं मागत दारोदार हिंडतो, कारण पट घसरला की आमच्यातलाच कोणीतरी अतिरिक्त ठरतो. दार उघडणारी बाई विचारायची, ‘तुमच्या शाळेत होते काय पण?’ त्याचं उत्तर म्हणून तो फळा. वर पिवळ्या रंगात कायमचं रंगवलेलं, ‘आमचे उपक्रम, आमचे यश’. खालची जागा सरांच्या खडूची.

अक्षर असं, की रस्त्यानं जाणारा दूधवाला गाडी हळू करून वाचायचा. सरांच्या शर्टाचा खिसा कायम रंगीत खडूंच्या तुकड्यांनी फुगलेला, आणि घाम आला की छातीवर गुलाबी-पिवळा नकाशा. त्यांच्या बायकोनं पांढरे शर्ट घेणंच बंद केलं होतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडल्यापासून हाताला काहीतरी घोटायला लागते म्हणून खडू घोटतो, असं तेच सांगायचे. स्टाफरूममध्ये बोलायला बसले की थांबणं नाही. मुख्याध्यापिका बाईंची चाल, सचिव साहेबांचं खाकरणं, माझं ‘समजलं का?’ हे सगळं हुबेहूब करून दाखवायचे, तेही माझ्यासमोर.

त्या फळ्याची गंमत मला कळली ती नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात. सकाळी फाटकातून स्कूटी आत घेते तर फळ्यावर, ‘तालुकास्तरीय कबड्डी स्पर्धेत विजेतेपद पटकावल्याबद्दल आमच्या संघाचे हार्दिक अभिनंदन!’ खाली सगळ्या पोट्ट्यांची नावं, कॅप्टनच्या नावाला लाल खडू. मला आनंद झाला. आत येऊन पाहते तर सगळा संघ पायरीवर बसलेला, चेहरे उतरलेले.

‘सर,’ मी विचारलं, ‘मॅच कधी झाली?’

‘झाली नाही ना मॅडम. दुपारी आहे.’

‘मग फळ्यावर?’

‘दुपारी खेळाचं आहे म्हणून तं सकाळी लिहलं. संध्याकाळी लिहून काय फायदा?’

मी म्हटलं, सर, ही म्हणजे ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ अशी गत झाली. तर म्हणाले, ‘मॅडम, तुरी कळमन्याच्या बाजारात येते, तिची चिंता तुम्ही नका करू. पराक्रम झाल्यावर कोणीबी टाळ्या वाजवते. आधी वाजवाले हिंमत लागते.’

तोवर व्हायचं ते झालं होतं. कॅप्टनची आई भाजी घेऊन त्याच रस्त्यानं परतत होती. तिनं मुलाचं लाल नाव वाचलं, घरी गेली, आणि शेजारपाजारी साखर वाटून मोकळी झाली. डबा द्यायला आली ती पेढे घेऊनच. सरांनी स्वतःच्या हातानं सगळ्या संघाला पेढे खाऊ घातले. पोरांच्या घशाखाली तो पेढा उतरेना. अन् दुपारी अशी खेळली लेकरं, अशी खेळली, की समोरच्या संघाला वाटलं यांचं काही घरगुती भांडण असावं. एका गुणानं जिंकली. कॅप्टन मला म्हणाला, ‘मॅडम, हरलो असतो तं घरी कसा जाऊ? पेढे खाऊन बसलो होतो ना!’

त्या दिवसापासून मी त्यांच्या फळ्यावर डोळा ठेवून होते. कधीतरी हा माणूस तोंडावर पडणार, आणि पडेल तेव्हा ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. सरांचा नियम एकच, तो शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही पाठ होता. ‘लिहलं ते खोडाचं नाही, खरं कराचं.’ फळा नवीन बातमीसाठी पुसला जायचा, पण बातमी खरी झाल्याशिवाय डस्टर लागायचं नाही. मग ती आठ दिवस राहो की महिनाभर.

विज्ञान प्रदर्शनाच्या वर्षी मला वाटलं, आता हाती लागले. फळ्यावर ‘जिल्हा विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेस द्वितीय क्रमांक’. मी विचारलं, पहिला का नाही लिहिला? म्हणे, ‘मॅडम, उलसाक लाज ठेवा लागते.’ आमचं मॉडेल होतं संत्र्याच्या सालींपासून डास पळवायचं यंत्र. परीक्षक आले, बटण दाबलं, आणि यंत्रानं असा धूर सोडला की डास राहिले बाजूला, परीक्षकच पळाले. मी मनातल्या मनात माझं वाक्य काढून तयार ठेवलं. सर मात्र कुठे दिसेनात. दिसले ते कोपऱ्यात, नोटीस वाचताना. प्रदर्शनात नीटनेटक्या स्टॉललाही बक्षिसं होती. परत आले ते कुठून तरी झाडू घेऊनच. पोरांनी आपला स्टॉल झाडला, डावीकडचा झाडला, उजवीकडचा झाडला, एका परीक्षकाच्या पायाखालचं झाडलं. संध्याकाळी निकाल लागला. स्वच्छ स्टॉल, आमची शाळा, दुसरी! पहिल्या आलेल्या मुली सकाळपासून झाडत होत्या, त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार?

‘सर, ही शुद्ध फसवणूक आहे,’ मी म्हटलं.

‘मी कुठे लिहलं, कशात द्वितीय?’ सर म्हणाले आणि उरलेली संत्री सोलून पोरांना वाटायला लागले. मी पण खाल्लं एक. राग होता, पण संत्रं गोड होतं.

पण हात दाखवून अवलक्षण व्हायचं ते झालंच, समूहगानाच्या वेळी. सकाळी फळ्यावर लिहिलं होतं, ‘आंतरशालेय समूहगान स्पर्धेत प्रथम’. स्पर्धा दुपारी. आमच्या संस्थेचे सचिव साहेब त्याच सकाळी गाडीतून गेले, त्यांनी फळा वाचला. माणूस तसा वाईट नाही, पण त्यांना माइक दिसला की राहवत नाही. त्याच संध्याकाळी मनीषनगरात कुठल्याशा मंडळाचा कार्यक्रम होता. तिथे साहेब उठले आणि पाच-सातशे लोकांपुढे छाती काढून म्हणाले, ‘आमच्या शाळेनं आज समूहगानात पहिला नंबर आणला.’ टाळ्या पडल्या. आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ खाकरले. ते ज्या शाळेचे अध्यक्ष होते तिनंच खरा पहिला नंबर आणला होता. ढाल त्यांच्या मांडीवर होती! आमची पोरं शेवटून पहिली आली होती. तबला एकीकडे, गाणं दुसरीकडे, आणि दोन मुली तिसरंच गाणं म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब शाळेत आले ते लाल होऊनच. आम्हा सगळ्यांना उभं केलं. ‘लांजेवार, माझी इज्जत घालवली तुम्ही. हा शेवटचा इशारा. यानंतर त्या फळ्यावर एक ओळ जरी खोटी निघाली, तर फळा भंगारात. तिथे मी फ्लेक्स लावतो. टक्केवारीचा. छापलेला.’

मी सरांकडे पाहिलं. माझं पाठ केलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं. पण सरांचा चेहरा असा पडला होता की मी ते गिळलं. मला वाटलं नव्हतं त्यांना इतकं लागेल म्हणून. सचिव गेल्यावर ते हळूच म्हणाले, ‘फ्लेक्सवर टक्केवाल्यांचेच फोटो येते मॅडम. बाकीच्या पोट्ट्यांनी कुठे लटकाचं?’ आणि खडू घोटत बसले.

बसले म्हणजे दहा मिनिटं. मग उठले आणि मुख्याध्यापिका बाईंना पटवून शनिवारी शाळेतच समूहगान स्पर्धा ठेवली. संघ दोनच, एक पोरांचा, एक शिक्षकांचा. परीक्षक पोषण आहाराच्या मावशी. मला पुढच्या रांगेत उभं केलं. मी गायला लागले तशी मावशींनी कढईवर झाकण ठेवलं. निकाल काय लागायचा तो लागला. पोरं प्रथम, आंतरशालेय नसलं म्हणून काय झालं! ‘शाळेच्या आतच झालं ना, अंतर्गत म्हणा,’ असं सरांचं म्हणणं. साहेबांना हे अर्थातच पटलं नाही. इशारा कायम राहिला, आणि फळ्याच्या डोक्यावर ती तलवार लटकतच राहिली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या नकला करणारा हा माणूस स्टेजवर गेला की मुका व्हायचा. स्नेहसंमेलन पूर्ण त्यांच्या खांद्यावर. पडदे, मुखवटे, नाचणाऱ्या पोरींची वेणीफणीसुद्धा. पण माइकची वेळ आली की हा गृहस्थ गायब. आभार मानायला सांगावं तर प्रयोगशाळेत सांगाड्यामागे सापडायचे. एका शिक्षकदिनी बाईंनी अचानक त्यांचं नाव पुकारलं. पळायला जागा नव्हती. सर गेले, माइक धरला, ‘नमस्कार’ म्हणाले. मग काही नाही. पोरं पाहून राहिली, आम्ही पाहून राहिलो, सरांच्या कपाळावरून घाम ओघळून राहिला. शेवटी ते म्हणाले, ‘लाइट गेली,’ आणि माइक ठेवून खाली उतरले. लाइट चांगली लख्ख होती! पंखे फिरत होते! तेव्हापासून आमच्या शाळेत कोणाला पाढा आठवला नाही की पोरं ओरडतात, ‘लाइट गेली!’ माझ्या वर्गात तर रोजच जाते.

म्हणूनच पल्लवीचं दुखणं त्यांना माझ्याआधी कळलं असावं. पल्लवी बोंडे, आठवी ब, माझ्याच वर्गातली. वडील कळमन्याच्या बाजारात मालाची चढउतार करायचे, आई घरी शिवणकाम. पोरगी हुशार, पण आवाज इतका बारीक की हजेरीला ‘हजर मॅडम’ म्हणाली की मी तिच्या ओठांवरून ओळखायची. वर्गातल्या भाषणाच्या वेळी पाठ केलेलं सगळं विसरली, रडली आणि जागेवर जाऊन बसली. पोरांनी ‘लाइट गेली’ केलंच. सर तेव्हा माझ्या वर्गात रांगोळीच्या याद्या करायला आले होते.

सोमवारी फळ्यावर, ‘कु. पल्लवी बोंडे, आठवी ब, हिने जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेत पूर्ण भाषण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

स्पर्धा पुढच्या आठवड्यात होती. पल्लवी माझ्याकडे रडत आली. ‘मॅडम, सरांले सांगा ना, पुसून टाका म्हणा. मले नाही जमत.’

मी तरातरा गेले. ‘सर, हे आता जास्त होऊन राहिलं. कबड्डी वेगळी. या पोरीच्या तोंडचं पाणी पळालं आहे.’

‘नंबर लिहला काय मी? पूर्ण केलं, इतकंच लिहलं.’

‘आणि नाही केलं पूर्ण तर?’

‘तं फळा जाईन,’ सर म्हणाले. अगदी सहज म्हणाले. मग पल्लवीकडे वळले. ‘काहून रडून राहिली वं? मी आहे ना तिथे. तू पुढे उभी राह्यजो, मी मागे उभा राहतो. दोघंबी भिऊ.’

स्पर्धेला वर्गशिक्षिका म्हणून मीही गेले. मोठा हॉल, चकचकीत शाळांची चुरुचुरु बोलणारी मुलं. पल्लवीचं नाव आलं. सर सगळ्यात मागे, जादा खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभे, आणि खरं सांगते, तिच्यापेक्षा ते जास्त थरथरत होते. पोरीनं सुरुवात बरी केली. मधेच थांबली. थांबली ती थांबलीच. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. आणि तेवढ्यात मागून धडाडधूम! प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पीच्या थप्पी जमिनीवर, आणि तीत लांजेवार सर. सगळा हॉल मागे वळला. परीक्षक चष्मा काढून पाहून राहिले. संयोजक धावले, ‘काय हो, लागलं का? नीट उभं राहता येत नाही का?’ सर ‘धक्का लागला’ म्हणत खुर्च्यांमधून कान पकडून उठले. धक्का लागला नव्हता, मी शेजारीच होते. धक्का दिला होता!

आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं स्टेजवरून पाहून पल्लवी आधी हसली. खळखळून हसली, मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली आणि शेवटच्या ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’पर्यंत बोलून गेली. नंबर आला नाही. कोणाला हवा होता? परतताना सरांनी आम्हाला तर्री-पोहे खाऊ घातले, आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं असं आम्ही तिघांनीही एकमेकांना सांगितलं.

पल्लवी दहावीत गेली त्याच वर्षी सरांची निवृत्ती आली. निरोप समारंभ ठरला, शाल-श्रीफळ आणलं, सचिव साहेब अध्यक्ष. आणि आदल्या दुपारी बाईंनी मला सांगितलं, लांजेवार सरांनी नेमकी त्याच दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारण काय, तर घरगुती. कारण मला चांगलं माहीत होतं. निरोपाला भाषण करावं लागतं. त्यांचा बेत असा, की सकाळी येऊन ब्रशांची पेटी तेवढी उचलायची आणि समारंभाआधी सटकायचं. मी चिडले. आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं पाण्यात ढकलली, स्वतः मात्र काठावर! हे सगळं मी दहावीच्या वर्गात, पल्लवीच्या बाकाजवळ उभं राहून जरा मोठ्यानंच बोलले असेन. माझा आवाज मोठाच आहे, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची स्कूटर फाटकात शिरली आणि तिथेच बंद पडली. फळ्यावर रंगीत खडूनं, अगदी त्यांच्याच वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आमचे लाडके लांजेवार सर यांनी निरोप समारंभात पूर्ण भाषण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ नावाला लाल खडू. दहावीच्या पोरी खिडकीतून डोकावत होत्या, आणि सगळ्यात पुढे पल्लवी होती.

सर उतरले. फळ्यासमोर उभे राहिले. खाली ठेवलेलं डस्टर उचललं, हात वर नेला, आणि तो हात तिथेच राहिला.

‘पुसा ना सर,’ मी मागून म्हटलं. ‘तुमचाच फळा आहे.’

‘मॅडम, हे तुमचं काम आहे.’

‘माझं अक्षर इतकं चांगलं आहे का?’

तेवढ्यात सचिव साहेबांची गाडी आली. त्यांनी काच खाली केली, ओळ वाचली, आणि त्यांच्या मिशा हलल्या. ‘अरे वा, लांजेवार! भाषण? तुम्ही? ऐकलं पाहिजे मग. आणि इशारा लक्षात आहे ना? एक ओळ.’ गाडी आत गेली. सरांनी डस्टर खाली ठेवलं आणि स्कूटर ढकलत आत आले. चेहरा असा, जसा पेढा खाल्लेल्या कबड्डीच्या संघाचा होता.

हॉल भरला. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे सतरंजीवर, मागे पालकांसाठी खुर्च्या, उरलेल्यांची थप्पी भिंतीशी. दोघा-तिघांची भाषणं झाली, साहेबांचं तर झालंच झालं. मग नाव पुकारलं. सर उठले. माइक धरला.

‘नमस्कार,’ सर म्हणाले.

आणि गेली लाइट. मला दिसत होती जाताना. ओठ हलतात, आवाज नाही. कपाळावर घाम. पोरं एक शब्द बोलेनात, कारण फळ्याचं काय होणार हे पाचवीच्या पोरालाही माहीत होतं. साहेब खुर्चीत मागे रेलले. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर आधी मागितलं देवाला, रीत काय ती तो पाहून घेईल म्हटलं.

धडाडधूम!

सगळा हॉल मागे वळला. मागच्या खुर्च्यांची थप्पी जमिनीवर, आणि तिच्या मधोमध पल्लवी बोंडे, कान पकडून उभी. ‘सॉरी सर,’ ती ओरडली. हजेरीला ऐकू न येणारी पोरगी, तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ‘धक्का लागला!’

सर हसायला लागले. हसता हसता माइक पुन्हा तोंडाशी आणला आणि म्हणाले, ‘लाइट आली.’

हॉलचं छत उडायचं बाकी राहिलं. टाळ्या थांबल्यावर सर बोलले. फार नाही, पण पूर्ण बोलले. म्हणाले, ‘मी सातवीत होतो. मास्तरांनी गोष्ट सांगाले उभं केलं. मी विसरलो. सगळे हसले, त्याचं काही नाही, पोट्टे हसतेच. पण मास्तर म्हणाले, मला माहीतच होतं तू विसरशील. हे मले लय लागलं. आधीच माहीत होतं, तं मंग उभं कायले केलं? तेव्हापासून माइक पाहला का मले ते वाक्य ऐकू येते. मास्तर झालो तेव्हा मी ठरवलं, आपल्यालेबी आधीच माहीत ठेवाचं. पण चांगलं माहीत ठेवाचं. म्हणून मी तुमचं आधी लिहत गेलो. तुम्ही लेकरांनी माझं एकबी खोटं पडू नाही देलं. समूहगान सोडून.’ इथे साहेबसुद्धा हसले. ‘अन् आज माझंबी तुम्हीच लिहलं. बस, झालं माझं भाषण. हे पूर्ण आहे, साहेब. याच्यापेक्षा लांब असतं असं फळ्यावर लिहलं नाही.’

मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि माझ्याच वर्गातली पोरं माझ्याकडे पाहून ‘मॅडमची लाइट गेली’ म्हणत होती, म्हणू द्या.

संध्याकाळी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं तर सर फळ्याशी उभे. ओळ खरी झाली होती, ती पुसायचा हक्क त्यांचा होता. पुसत असतील म्हणून मी उत्तरपत्रिका तपासत बसले. मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. पायाशी श्रीफळ, खांद्यावर शाल, खिशात खडू, असे ते गेले.

सकाळी मी स्कूटी फाटकातून आत घेतली आणि ब्रेक दाबला. ‘गणिताच्या गावंडे मॅडम यांनी या फळ्याचे काम आनंदाने स्वीकारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

आनंदाने! तो शब्द मुद्दाम लाल खडूनं लिहिला होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे या माणसाला माहीत नव्हतं का? डस्टर खालीच होतं. मी उचललं. खिडक्यांमधून सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. मी डस्टर ठेवून दिलं.

इशारा अजून उठला नव्हता. सर गेल्यावर फळा लिहिणार कोण, म्हणून फ्लेक्सवाल्याला साहेबांनी माप घ्यायला बोलावल्याचं बाई सांगत होत्या. मी रात्र रात्र विचार करणारी बाई नाही, पण दोन तास ऑफ होते तेवढ्यात केला. मग सरांच्या ओळीखाली कोंबडीच्या पायांनी माझी पहिली ओळ लिहिली, ‘फळ्यास नवा रंग लावून देऊन ही परंपरा कायम ठेवल्याबद्दल माननीय सचिव साहेबांचे शतशः आभार व हार्दिक अभिनंदन!’

साहेब गाडीतून वाचत गेले. मागून पालकही वाचत गेले, आणि भेटेल तो साहेबांना म्हणायला लागला, वा साहेब, चांगलं केलं. चार दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पेंटर आला.

तो ब्रश मारत असताना मी फाटकाशी उभी होते. रस्त्यापलीकडे पोह्यांच्या ठेल्यावर एक ओळखीची स्कूटर. सर प्लेट हातात धरून फळ्याकडे पाहत होते. ते मुलाकडे पुण्याला निघाले होते, तो त्यांचा इथला शेवटचाच आठवडा. पेंटर अजून वरच्या कडेलाच होता, माझी ओळ खाली तशीच होती. सरांनी ती डोळे बारीक करून वाचली, प्लेट ठेवली, स्कूटरला किक मारली, आणि भर रस्त्यात ओरडले, ‘मॅडम! ओळ तिरपी झाली!’

‘आता खोडता येत नाही, सर!’ मी ओरडले.